अ.पा.क. वॉशिंग्टन

माझे मामा महसूल खात्यात अडतीस वर्षं होते. तलाठी म्हणून लागले, मंडळ अधिकारी म्हणून निवृत्त झाले. सगळी नोकरी यवतमाळ जिल्ह्यात. नवा माणूस भेटला की आधी गाव विचारायचं, गावावरून शिवार, शिवारावरून गट नंबर, अशी त्यांची ओळख करून घ्यायची रीत. गेल्या दिवाळीनंतर ते मॅडिसनला आमच्याकडे राहायला आले. आल्या आल्या शेजारच्या आजोबांना त्यांनी माझ्या तोंडून विचारलं, "हे कुंपण कोणाच्या हद्दीत?" आजोबांना प्रश्न कळायलाच पाच मिनिटं लागली.

त्याच सुमाराला एक बातमी आली होती. मामांना आवडेल म्हणून चहाच्या वेळी वाचून दाखवली. आमच्याच विस्कॉन्सिन राज्यात, ला क्रॉस गावी, फ्रान्सिस्कन सिस्टर्स ऑफ परपेच्युअल अ‍ॅडोरेशन या नन्सचा मठ आहे. १८७८ पासून आळीपाळीने अखंड प्रार्थना चालवणाऱ्या या बायका.

"म्हणजे अखंड सप्ताहातला वीणेचा पहारा," मामा म्हणाले. "फक्त सप्ताह संपतच नाही."

"तसंच. अलीकडे वयं झाली म्हणून रात्रीचे तास बंद केलेत. तर या नन्सची उत्तरेला, आर्बर व्हिटी गावात, ट्राउट लेकच्या काठावर मेरीवुड नावाची वास्तू होती. लोक तिथे एकांतात राहायला, प्रार्थनेला यायचे. ती त्यांनी ऑक्टोबरअखेर लॅक डू फ्लँबोच्या ओजिब्वे जमातीला परत दिली. वसाहतकाळातल्या अन्यायाची भरपाई म्हणून एखाद्या कॅथलिक संस्थेने अशी जागा परत केल्याचं हे पहिलंच ज्ञात उदाहरण म्हणतात."

"परत दिली म्हणजे बक्षीसपत्र केलं?"

"नाही, विकली. तीस हजार डॉलरला."

मामांनी चहात बुडवलेलं बिस्कीट कपातच राहिलं. "विकली, आणि तू परत दिली म्हणतेस?"

"१९६६ साली नन्सनी जेवढ्याला घेतली, तेवढेच घेतले. आजची किंमत सव्वीस लाख डॉलर आहे. शंभरातला एक-सव्वा भाग."

"पण मोबदला घेतलाच ना! चोरीचा माल परत करताना कोणी खरेदीची पावती पुढे करतं का?"

वाद इथे सुरू झाला आणि पुढचे पंधरा दिवस घरात नांदला.

माझं म्हणणं साधं होतं. इथल्या मूळ रहिवाशांनी जमीन सरकारकडे मागितली, कोर्टात मागितली, आणि कोर्टाने त्यांना पुन्हा पुन्हा समजावलं की जमीन तुमची कधी नव्हतीच. १८२३ च्या जॉन्सन विरुद्ध मॅकिंटॉश खटल्यात सरन्यायाधीश मार्शल यांनी निवाडा दिला की, ज्या ख्रिस्ती राजवटीने हा प्रदेश 'शोधला' तिची मालकी. तिथे राहणाऱ्यांचा हक्क फक्त राहण्यापुरता.

"वहिवाट तुमची, जमीन सरकारची. यात मला नवीन काही वाटलं नाही बरं का. इंग्रजांनी आपल्याकडे वेगळं काय केलं?"

"पण ज्या 'शोधा'च्या सिद्धांतावर हे उभं आहे, तो व्हॅटिकनने मार्च २०२३ मध्ये नाकारला. अमेरिकेच्या कायद्यात मात्र तो अजून जिवंत आहे. चर्चने सोडलं ते कोर्टाने धरून ठेवलंय. मग एखाद्या मठाने आपल्यापुरतं तरी पाऊल उचललं, तर तुम्ही पावतीवर अडून बसता!"

"पावतीवर अडण्याचाच मला पगार होता, बाई."

खरा अडसर पावतीचा नव्हताच. तो 'ट्रस्ट' या शब्दाचा होता, आणि तो समजावून सांगताना माझीच दमछाक झाली. जमातीने जमीन विकत घेतली किंवा कोणी तिला दिली, तरी ती लगेच 'जमातीची भूमी' होत नाही. इतर कोणाच्याही जमिनीसारखी ती साध्या मालकीत राहते आणि तिच्यावर काउंटीचा कर लागतो. शेजारच्या मिनेसोटातल्या लीच लेक जमातीने, हीही ओजिब्वेच, आपल्याच राखीव क्षेत्रातली हातचे गेलेले एकवीस भूखंड पुन्हा मिळवले. कॅस काउंटीने कर लावला. जमातीने चौसष्ट हजारांहून जास्त डॉलर निषेध नोंदवून भरले आणि कोर्टात गेली. १९९८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं, कर द्यावाच लागेल. कर चुकवायचा, आणि जमीन पुन्हा विकली जाण्याची वाटच बंद करायची, तर १९३४ च्या कायद्याखाली केंद्र सरकारच्या 'इंटीरियर' खात्याकडे अर्ज करायचा. राज्य सरकारला, काउंटीला नोटिसा जातात, हरकती येतात. जमीन ट्राउट लेकसारखी राखीव क्षेत्राच्या हद्दीबाहेर असली तर छाननी आणखी कडक. सगळं पार पडलं की मालकाच्या जागी नाव लागतं, 'अमेरिकेची संयुक्त संस्थानं, अमुक जमातीसाठी विश्वस्त'.

मामा बराच वेळ गप्प होते. मग हसायला लागले.

"अगं, हे तर अ.पा.क.!"

सातबाऱ्यावर अल्पवयीन वारसाचं नाव लागलं की त्यापुढे 'अ.पा.क. आई' किंवा 'अ.पा.क. काका' असं लिहितात. अज्ञान पालनकर्ता. पोरगं सज्ञान होईपर्यंत जमीन त्याची, हात पालकाचा.

"जमातीचं नाव, आणि पुढे अ.पा.क. वॉशिंग्टन," मामा म्हणाले. "ज्याने जमीन घेतली तोच पालक. आणि हे पोरगं सज्ञान कधी होणार म्हणतात?"

मला हसू आलं नाही, कारण मामांना ठाऊक नसताना त्यांनी मार्शलचंच वाक्य उचललं होतं. १८३१ मध्ये, चेरोकी जमातीच्या खटल्यात, त्याच न्यायाधीशांनी लिहिलं होतं की या जमातींचं अमेरिकेशी असलेलं नातं पाल्य-पालकासारखं आहे. पालकाने हिशेब कसा ठेवला तेही पुढे निघालं. १९९६ मध्ये ब्लॅकफीट जमातीच्या एलोइस कोबेल यांनी दावा लावला, की विश्वस्त म्हणून सरकारने आमच्या जमिनींवरचं गवत, तेल, लाकूड यांचे पैसे कुठे ठेवले ते दाखवा. सरकारला धड दाखवता आलं नाही. तेरा वर्षांनी तडजोड झाली ती ३.४ अब्ज डॉलरला.

"तरीही तू ट्रस्ट बरा म्हणतेस?"

"बरा नाही. पण तो नव्हता तिथे काय झालं ते ऐका."

आणि मी त्यांना मिनेसोटातल्या व्हाइट अर्थची गोष्ट सांगितली. तिथे १८६७ च्या तहाने अनिशिनाबे लोकांना आठ लाखांवर एकर जमीन 'कायमची' दिली होती. (अनिशिनाबे हे त्यांचं स्वतःचं नाव, ओजिब्वे त्यांच्यातलेच.) मग सामूहिक जमीन तोडून घरटी तुकडे वाटायचं धोरण आलं, देशभरासाठी १८८७ चा कायदा आणि मिनेसोटासाठी १८८९ चा. वाटलेला तुकडा पंचवीस वर्षं विकता येणार नाही, अशी तरतूद होती खरी. पण तिथे पाइनची उभी जंगलं होती आणि लाकूडवाल्यांना पंचवीस वर्षं थांबायचं नव्हतं. १९०६ मध्ये एका खर्चाच्या विधेयकाला शेपूट जोडलं गेलं: 'मिश्र रक्ता'च्या प्रौढ माणसाला जमीन विकायला मोकळीक, 'शुद्ध रक्ता'च्याला नाही. झालं, गाव पाहता पाहता मिश्र ठरायला लागलं. फसवणुकीचे खटले उभे राहिले तेव्हा रक्त ठरवायला मानववंशशास्त्रज्ञ आणले, त्यात स्मिथसोनियन संस्थेचे अ‍ॅलेश हर्डलिचका. ते माणसाच्या छातीवर नख ओढून बघायचे. ओरखडा लाल उमटला तर मिश्र रक्त. म्हणजे त्याने केलेली विक्री कायदेशीर.

मामांनी नकळत शर्टाचं वरचं बटण लावलं.

"आमच्याकडे जात पडताळणीत आप्तभाव चाचणी असते," ते म्हणाले. "बोली कोणती, देव कोणते, लग्नात काय करता. तीही कधीकधी अपमानच असते. पण छाती ओरबाडणं..." मग स्वतःशीच, "१९०६. आपला मामलेदार कोर्ट कायदाही १९०६ चाच."

देशभर हिशेब मांडला तर १८८७ मध्ये मूळ रहिवाशांकडे असलेली सुमारे १३ कोटी ८० लाख एकर जमीन १९३४ पर्यंत ४ कोटी ८० लाखांवर आली. 'विकायचं स्वातंत्र्य' मिळालं की काय होतं त्याचा हा उतारा.

"हे मात्र मला शिकवू नकोस," मामा म्हणाले. "आदिवासीची जमीन बिगर-आदिवासीला जाऊ द्यायची नाही म्हणून महसूल संहितेत कलम छत्तीस-अ आहे. ते काऊन आणावं लागलं, ठाऊक आहे? सावकाराच्या वहीतून."

यापुढे मामा बोलले आणि मी ऐकलं. महाराष्ट्राने १९७४ मध्ये कायदा केला, अनुसूचित जमातींना जमिनी परत करण्याचा. १ एप्रिल १९५७ ते ६ जुलै १९७४ या काळात आदिवासीच्या हातून बिगर-आदिवासीकडे गेलेली जमीन, कायदेशीर विक्रीने गेली असली तरी, जिल्हाधिकाऱ्याने परत द्यायची. घेणारे सर्वोच्च न्यायालयात गेले. १९८४ मध्ये न्यायालयाने कायदा उचलून धरला.

"बघ, हा कायदा. यात कोणाच्या सदसद्विवेकाची वाट बघावी लागत नाही. तुझ्या नन्स चांगल्या म्हणून एक मेरीवुड परत गेलं. आणि तळ्याच्या काठावरचे बाकीचे बंगले? त्यांच्या मालकांना स्वप्नात देव येईपर्यंत थांबायचं?"

"आणि तुमच्या कायद्यात आदिवासीला फुकट मिळाली का?"

ते थबकले. "नाही. आकाराच्या, म्हणजे शेतसाऱ्याच्या, अठ्ठेचाळीस पट रक्कम भरायची होती, अधिक सुधारणांची किंमत. बारा हप्त्यांपर्यंत सवलत."

"म्हणजे पावती तुम्हीही मागितलीतच!"

इथे मामांनी मला पहिल्यांदा दाद दिली, आणि लगेच बाजूही बदलली. शेवटी कारकून माणूस. म्हणाले, मोबदल्याने झालेलं खरेदीखत एका अर्थी बरंच. बक्षीसपत्राला उद्या कोणी आव्हान देतो, देणाऱ्याचं डोकं ठिकाणावर नव्हतं म्हणतो. दानात देणाऱ्याची मान कायम वर राहते. "दान देताना उदक सोडतात, तुळशीपत्र ठेवतात. परत करण्यात तुळशीपत्र कशावर ठेवणार? आपलं नव्हतंच ना ते!" तीस हजारांचा आकडा आता त्यांना खटकत नव्हता. नन्सनी नफा घेतला नाही, उपकारही चढवले नाहीत, असा त्याचा अर्थ ते लावू लागले होते. मला तो अर्थ जरा जास्तच सोयीचा वाटतो. पण तो माझ्या डोक्यात आला नव्हता, हेही खरं.

एका शनिवारी आम्ही महामार्ग ५१ ने उत्तरेला गेलो. कानटोपी, मफलर, वर माझ्या नवऱ्याचा जाड कोट, अशा अवतारात मामा खिडकीतून तळी मोजत होते. तिसाव्यानंतर सोडून दिलं. काठाकाठाने बर्फाची पातळ साय धरली होती. लॅक डू फ्लँबो हे फ्रेंचांनी दिलेलं नाव, मशालींचं तळं. रात्री होडीत मशाल लावून भाल्याने मासे मारायची ओजिब्वेंची रीत त्यांनी पाहिली होती. १८३७ आणि १८४२ च्या तहांत जमिनी लिहून देताना या लोकांनी शिकारीचा, मासेमारीचा हक्क राखून ठेवला होता. राज्याने तो शंभरावर वर्षं मानलाच नाही. १९८३ मध्ये कोर्टाने मानला. त्यानंतर काही वर्षं दर वसंतात होड्या उतरवायच्या धक्क्यांवर गोऱ्यांचे जमाव गोळा व्हायचे, दगड आणि शिव्या घेऊन.

गावात शिरता शिरता मी त्यांना रस्त्यांचं प्रकरण सांगितलं. राखीव क्षेत्राच्या आत बाहेरच्यांची घरं आहेत, वाटपाच्या काळात निसटलेल्या तुकड्यांवर. तिथे जाणारे चार रस्ते जमातीच्या जमिनीतून जातात. वहिवाटीचे करार पन्नास वर्षांचे होते, ते संपूनही दहा वर्षं होऊन गेली होती. बोलणी फिसकटली आणि ३१ जानेवारी २०२३ ला, ऐन थंडीत, जमातीने रस्ते अडवले. वीस दशलक्ष डॉलर मागितले. घरमालक गोठलेल्या तळ्यावरून ये-जा करू लागले. मार्चमध्ये रस्ते उघडले ते गावाने दरमहा बावीस हजार डॉलर भरायचं कबूल केल्यावर.

"तू कोणाच्या बाजूची?" मामांनी विचारलं.

"तहाच्या."

"आणि त्या घरात डायलिसिसवाली म्हातारी असली तर? तिने काय तह मोडला?"

मी गाडी चालवत राहिले.

"आमच्याकडे मामलेदार कोर्ट कायद्याचं कलम पाच असतं. आधी रस्ता मोकळा, मग भांडा. मी शेकड्यांनी रस्ते मोकळे केलेत." थोड्या वेळाने म्हणाले, "पण करार संपला हे त्या घराच्या कागदात असणार. विकताना कोणीतरी ते पान उलटून पुढे गेलं. त्या पान उलटणाऱ्याला कोणी रस्त्यावर अडवलं नाही."

पेट्रोल पंपाला लागून असलेल्या दुकानात मामांना मनोमिन दिसलं. बाहेरचे लोक त्याला जंगली तांदूळ म्हणतात. लांब, बारीक, काळपट दाणा. त्यांनी पुडी नाकाला लावली, म्हणाले, "धुराचा वास येतो." गल्ल्यावरच्या बाईंनी आपणहून कसं काढतात ते सांगितलं, मी भाषांतर करत गेले. ऑगस्टअखेर-सप्टेंबरात, होडीत दोघं. एक बांबूसारख्या लांब काठीने होडी रेटतो. दुसरा दोन हलक्या काठ्या घेतो. एकीने पाण्यातली रोपं होडीवर वाकवायची, दुसरीने हलकेच थोपटायचं. पिकलेला दाणा होडीत पडतो. कच्चा रोपावर राहतो, आणि जो पाण्यात पडतो ते पुढच्या वर्षाचं बी. मग वाळवायचा, कढईत भाजायचा, खड्ड्यात पायाने मळायचा, भूर्जाच्या सालीच्या पसरट टोपलीत पाखडायचा.

"सूपच की," मामा म्हणाले आणि हवेत दोन झटके देऊन दाखवले. बाई हसल्या, मनगटाची लय त्यांच्या ओळखीची होती.

मग त्यांनी मला हळूच विचारायला लावलं, मेरीवुड मिळालं त्याचं काय वाटतं. बाईंनी खांदे उडवले. म्हणाल्या, चांगलं झालं. त्यांची काकू ओडानाच्या शाळेत होती, ती आता नाही. आणि सुट्टे पैसे मोजू लागल्या.

ओडानाची सेंट मेरी शाळा याच नन्सनी १८८३ ते १९६९ चालवली. मुलांना घरापासून, भाषेपासून तोडून शिकवायची निवासी शाळा. मामांनी गाडीत बसल्या बसल्या हरकत काढली. "ओडाना म्हणजे बॅड रिव्हर जमातीचं गाव ना? शाळा एकाच्या दारात, भरपाई दुसऱ्याच्या हातात?"

"लॅक डू फ्लँबोतही सरकारी निवासी शाळा होती, १८९५ पासून. आणि दोन्हीकडे ओजिब्वेच. लोक एकच, तुमच्यासारख्यांनी हद्दी आखल्या."

"हद्दी आखल्या नसत्या तर आज परत मागायला नकाशा कुठून आला असता?"

याला माझ्याकडे उत्तर नव्हतं, अजूनही नाही.

परतताना अंधार पडला. मामा आपणहून बोलायला लागले. सत्तरच्या दशकातल्या त्या कायद्याखाली एका कोलाम आदिवासीला साडेतीन एकराचा ताबा द्यायला ते गेले होते, नवे तलाठी असताना. पंचनामा, चतुःसीमा, पंचांच्या सह्या. कोलामाने अंगठा दिला आणि विचारलं, "बैल?" बैल आदेशात नव्हते. बियाणंही नव्हतं. दुसऱ्या वर्षी मामा पीकपाहणीला गेले तर तीच जमीन जुना मालक बटईने करत होता आणि कोलाम त्याच्याकडे रोजाने. सातबारा बिनचूक होता. मामांनीच लिहिला होता, अक्षर चांगलं म्हणून.

"म्हणून मी विचारतो, मेरीवुडचं पुढे काय? छप्पर कोण शाकारणार? बर्फ कोण काढणार? कर कोण भरणार, तुझा तो ट्रस्ट होईपर्यंत?"

"ते त्यांनी ठरवायचं, मामा. त्यांच्याकडे सरकार आहे, कोर्ट आहे, स्वतःचं मत्स्यबीज केंद्र आहे. तुमच्या कोलामासारखं एकटं माणूस नाही ते."

"म्हणजे ए.कु.क.," मामा म्हणाले. एकत्र कुटुंब कर्ता. "मग तेच लिहा ना सरळ. अ.पा.क. कशाला?"

रात्री मनोमिन शिजायला पाऊण तास लागला. दाणे फुटून आतून पांढरे उलगडले. मी मुगाची डाळ घालून खिचडी केली. मामांनी वर तूप घेतलं आणि डाळीने चव मारली म्हणाले, जे बरोबर होतं.

जायच्या आदल्या दिवशी त्यांनी माझ्या घराचे कागद मागितले. आमचं घर जुनं. विकणाऱ्याने दिलेला 'अ‍ॅबस्ट्रॅक्ट', म्हणजे आजवरच्या खरेदी-विक्रीच्या गोषवाऱ्याचा दोरीने बांधलेला गठ्ठा, मी कधी सोडलाही नव्हता. मामांनी सोडला. चष्मा लावून, बोटाने ओळ धरून, गहाणखतं, वारसाच्या नोंदी, एका विधवेने भावाला लिहून दिलेला हिस्सा, असं करत मागे मागे गेले आणि पहिल्या पानावर आले. देणार: अमेरिकेची संयुक्त संस्थानं. घेणार: कोणी एक खरेदीदार.

"याच्या आधीचा फेरफार?"

"१८३२ चा तह. इथले हो-चंक लोक. ब्लॅक हॉक युद्ध संपलं, त्याच वर्षी."

"ते कुठे जोडलंय?"

"जोडत नाहीत."

मामांनी पान उलटून मागची कोरी बाजू पाहिली, दिव्यासमोर धरून पाहिली. मग गठ्ठा नीट लावला आणि पुन्हा पहिल्यापासून चाळायला घेतला.